अठ्ठ्याऐंशी पौंडांचे विनोबा

विनोबा म्हटले की गीताई आठवते, भूदान आठवते. व्यायाम काही कुणाला आठवत नाही. आमचे देवळी कुस्तीचा नाद असलेले गाव. तब्येत म्हणजे आमच्याकडे मान, छाती आणि मांड्या. त्या हिशेबात हा काटकुळा, दाढीवाला माणूस बसतच नाही. पण वर्ध्यापलीकडे पवनारला, धाम नदीच्या काठी, त्यांनी आपले खचलेले शरीर ज्या रीतीने उभे केले, ती मला कुठल्याही फडातल्या कुस्तीइतकीच मोलाची वाटते.

११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणात गागोदे येथे जन्म. प्रकृती मुळातच नाजूक. १९१६ साली गांधीजींच्या आश्रमात आले आणि पुढच्याच वर्षी तब्येतीपायी वर्षाची रजा घ्यावी लागली. ही रजा त्यांनी वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शास्त्राध्ययनात काढली आणि शरीराचाही अभ्यास केला. आधी रोज दहा-बारा मैल चालणे, मग सहा ते आठ शेर धान्य दळणे आणि शेवटी ३०० सूर्यनमस्कार. वर्ष भरताच आश्रमात हजर!

१९२१ मध्ये ते वर्ध्याला आले. पुढे नालवाडीला त्यांनी एक विलक्षण हट्ट धरला. सूत कातणाऱ्याचे पोट त्या मजुरीवर भरते का, हे स्वतःवरच पाहायचे. तासन्‌तास कताई, कधी उजव्या हाताने, कधी डाव्या. मजुरी तुटपुंजी, म्हणून जेवणही तुटपुंजे. १९३८ उजाडेपर्यंत वजन ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम ४० किलोवर आले. वय अवघे ४२. गंमत अशी, की चिंता त्यांना नव्हती, गांधीजींना होती.

गांधीजी तेव्हा जवळच शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहत होते. तिथे राहून शुश्रूषा करून घेणे विनोबांना पटले नाही. गांधीजींच्या पन्नास कामांत आपली एक भर कशाला? डॉक्टर नको होता. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी पवनार निवडले. जमनालाल बजाजांचा तिथल्या टेकडीवरचा बंगला रिकामाच होता. गांधीजींची अट एकच, सगळ्या कामांची काळजी इथेच सोडून जायचे. विनोबांनी ती अक्षरशः पाळली. धाम ओलांडताना मनोमन सर्व सोडले आणि पहिले काही दिवस त्यांनी जवळजवळ काहीच केले नाही.

हा भाग लोक विसरतात. आज व्यायाम म्हणून डॉक्टर पोहायला सांगतात. पाणी देहाचा भार पेलते, म्हणून सांध्यांना फारसा त्रास न होता सारे अंग कामाला लागते. विनोबांनी ओझे उतरवले ते मनाचे, आणि मगच कुदळ हाती घेतली. तीही बेताने. पहिल्या दिवशी काही मिनिटे खणायचे, दुसऱ्या दिवशी थोडे अधिक, मध्ये क्षणभर विसावा. असे करीत खणणे तासांवर गेले. वजन १२८ पौंड झाले. चाळीस पौंडांची कमाई, आणि खुराकात ना बदाम ना मटण! आमच्या पहिलवानांनी याचा विचार करावा.

या शरीराने पुढे काय काम दिले ते जगजाहीर आहे. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही, मग तुरुंगवास. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला पहिले भूदान मिळाले, तेव्हा वय ५५. त्यानंतर सुमारे तेरा वर्षे पायी देश. १९५२ च्या अखेरीस चांडीलला मलेरियाने गाठले, तरी औषधाला बराच काळ नकार. हा हट्ट मला आजही पटत नाही. अखेर नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न, पाणी, औषध तिन्ही सोडून पवनारलाच त्यांनी देह ठेवला.

तिथल्या खणण्यात एक जुने शिल्पही निघाले होते. भरत आणि राम यांच्या भेटीचे. ते आश्रमात आहे. कुणी वर्ध्याला आलाच, तर जरूर पाहावे.