विश्लेषण : डॉ. आनंदीबाईंच्या बुटांवर आणि साडीवर लोकांचा राग का होता?

विरार लोकलच्या महिला डब्यात बुरखा, जीन्स आणि वसईच्या कुपारी आजींचे लाल लुगडे एकाच बाकावर बसलेले दिसतात. या तिघींच्याही पेहरावावर बोलणारे लोक आहेतच. पहिल्या मराठी महिला डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या वाट्याला ही बोलणी दीडशे वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंनी आली.

त्या माहेरच्या यमुना. जन्म ३१ मार्च १८६५, घराणे कल्याणचे. वसईच्या खाडीत येणारी उल्हास नदी ज्या गावावरून वाहते तेच कल्याण. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशींशी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. डॉक्टर होण्याचा निश्चय तिथला.

बुटांचे काय खुपले?

मुंबईत त्या पुस्तके घेऊन शाळेत पायी जात. पायांत बूट आणि मोजे. लोक भोवती जमत, ओट्यावर बसलेली प्रतिष्ठित मंडळी खडे मारत, दुकानदार थुंकत. हे त्यांनी स्वतः फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर भाषणात सांगितले. पाय झाकणाऱ्या वस्तूवर एवढा संताप! बूट घालून रस्त्याने चालण्याचा मान पुरुषांचा समजला जाई, खरी सल ती होती.

अमेरिकेत काय घडले?

धर्मांतर केल्यास मदत मिळेल, असे मिशनऱ्यांकडून आधीच सुचवले गेले होते. आनंदीबाईंनी ते मानले नाही. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन, पोशाख व आहार बदलणार नाही, असा शब्द त्यांनी त्याच भाषणात दिला आणि एप्रिल १८८३ मध्ये बोटीवर पाऊल ठेवले. न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी त्यांना घरच्या मुलीसारखे सांभाळले.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात मात्र थंडीने गाठले. काष्ट्याच्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. म्हणून त्या गुजराती पद्धतीची, पायघोळ साडी नेसू लागल्या. साडी सुटली नाही, नेसण्याची तऱ्हा बदलली. शिकण्यासाठी ज्यांनी आग्रह धरला, त्या गोपाळरावांनाही हे रुचले नाही. अंग जास्त झाकले गेले होते, तरी नापसंती! म्हणजे आक्षेप कापड किती यावर नव्हताच; बदल कोणाला विचारून केला, यावर होता. आपल्या मते आजच्या बहुतेक वादांचीही मेख इथेच आहे, मग विषय पदर काढण्याचा असो वा घेण्याचा.

ऑक्टोबर १८८५ मधील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबुली आणि साडीतल्या आनंदीबाई: तिघी एकाच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. वैद्यकीचा अभ्यास तिघींचा सारखाच होता.

११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारीही ठरली होती. ती घेण्याआधीच क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बाविशीच्या आत. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या आजही आहेत.