राहुल सांकृत्यायन : हरवलेली पाने शोधणारा महापंडित

हिंदी कवितेचा इतिहास बराच काळ राजदरबारातल्या वीरगाथांपासून सांगितला जाई. त्याआधी लोकांच्या भाषेत कोण लिहीत होते, याचे उत्तर महापंडित राहुल सांकृत्यायन यांनी दिले : बौद्ध सिद्ध.

राहुलजींचा जन्म ९ एप्रिल १८९३ रोजी उत्तर प्रदेशातील आझमगड जिल्ह्यात, ब्राह्मण कुटुंबात झाला. मूळ नाव केदारनाथ पांडे. लहान वयातच घर सोडून ते आधी वैष्णव साधू झाले, मग आर्य समाजात गेले. प्रश्न मात्र संपले नाहीत. १९२७ साली ते श्रीलंकेत विद्यालंकार परिवेणात संस्कृत शिकवायला गेले आणि तिथेच पालि शिकून त्रिपिटकात बुडाले. १९३० मध्ये ते भिक्खू झाले.

भारतातून नाहीसे झालेले बौद्ध ग्रंथ तिबेटच्या मठांत असतील, अशी त्यांची खात्री होती. १९२९ साली नेपाळमार्गे, ओळख लपवून ते ल्हासाला पोहोचले. पुढे १९३४, १९३६ आणि १९३८ मध्ये पुन्हा गेले. पहिल्या प्रवासातले ग्रंथ त्यांनी खेचरांवर लादून आणले. नंतरच्या प्रवासांत मठांतल्या ताडपत्री पोथ्या सापडल्या. ज्या पोथ्या आणता येत नव्हत्या, त्यांचे फोटो काढले, हाताने नकला केल्या. आज हा ठेवा पाटण्यात आहे.

त्यात काय होते? धर्मकीर्तीचे ‘प्रमाणवार्तिक’ होते. जातीचा गर्व हे बुद्धी नासल्याचे लक्षण आहे, असे हा बौद्ध तर्कपंडित सातव्या शतकात मांडत होता. आठव्या शतकातल्या सरहपाचे दोहेही होते. परंपरा सांगते की, जन्माने ब्राह्मण असलेला सरहपा बाण बनवणाऱ्या स्त्रीबरोबर राहिला. त्याने संस्कृत सोडून अपभ्रंशात लिहिले आणि कर्मकांडाची खिल्ली उडवली. १९४५ च्या ‘हिंदी काव्यधारा’त राहुलजींनी हिंदी कवितेची सुरुवात सरहपापासून केली. म्हणजे जातीला नकार देणारा आवाज आपल्या लोकभाषांत अगदी सुरुवातीपासून आहे. तो बाहेरून आलेला नाही.

राहुलजी ग्रंथालयात बसून राहिले नाहीत. बिहारच्या शेतकरी लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. त्यांचे सहकारी भदंत आनंद कौसल्यायन यांनी पुढे बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हिंदीत नेला. १४ एप्रिल १९६३ रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, दार्जिलिंगमध्ये राहुलजींचे निधन झाले.

मित्रांनो, पोथी हरवली की तिच्यातला माणूसही इतिहासातून बाद होतो. आपल्या वस्त्यांत जुन्या शाहिरांच्या, जलशांच्या हस्तलिखित वह्या पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. वाळवी लागण्याआधी त्या शोधा, त्यांचे फोटो काढा, लिहिणाऱ्याचे नाव आणि गाव नोंदवा. राहुलजी त्यासाठी हिमालय ओलांडून गेले. आपल्याला फक्त शेजारच्या घरापर्यंत जायचे आहे.

जय भीम, नमो बुद्धाय!