विवियन थॉमस: डॉक्टर न होता सर्जन घडवणारा टेक्निशियन

हार्ट सर्जरीच्या इतिहासात ब्लॅलॉक-टॉसिग शंट हे नाव हमखास भेटतं. आल्फ्रेड ब्लॅलॉक हे सर्जन, तर हेलन टॉसिग या लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञ. पण ज्या माणसाने लॅबमध्ये एकेक टाका घालून हे तंत्र उभं केलं, त्याचं नाव कितीतरी वर्षं त्यात नव्हतं. ते होते विवियन थॉमस. मेडिकल कॉलेज तर सोडाच, साधी कॉलेजची पदवीही त्यांच्याकडे नव्हती.

थॉमस यांचा जन्म १९१० चा, अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातला. ते वाढले मात्र टेनेसीमधल्या नॅशव्हिलमध्ये. वडील सुतार होते, त्यामुळे करवत आणि रंधा लहानपणीच हातात आला. सुतारकाम करून कॉलेजसाठी पैसे साठवायचे आणि डॉक्टर व्हायचं असा प्लॅन होता. पण १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला, मंदी आली आणि बँक बुडाल्यावर साठवलेले पैसेही गेले. १९३० मध्ये त्यांनी व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. ब्लॅलॉक यांच्या लॅबमध्ये नोकरी धरली. काही महिन्यांतच ते स्वतः प्राण्यांवर शस्त्रक्रिया करायला, मोजमापं घ्यायला आणि नोंदी ठेवायला शिकले. इतकं करूनही कागदोपत्री त्यांचं पद होतं सफाई कामगाराचं, आणि पगारही तेवढाच. का, तर ते कृष्णवर्णीय होते. हे कळल्यावर ते गप्प बसले नाहीत, ब्लॅलॉक यांना जाब विचारला आणि पगार वाढवून घेतला.

१९४१ मध्ये ब्लॅलॉक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गेले, ते थॉमसना बरोबर घेऊनच. त्या हॉस्पिटलमध्ये तेव्हा कृष्णवर्णीय माणूस दिसायचा तो बहुतेक झाडूपोछा करताना. पांढरा लॅब कोट घालून थॉमस कॉरिडॉरमधून चालले की लोक वळून बघायचे.

आता मूळ प्रॉब्लेम समजून घेऊ. काही बाळं जन्मतःच निळसर दिसतात, त्यांना ब्लू बेबी म्हणतात. यातला एक प्रमुख आजार म्हणजे टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो. यात हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते आणि हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं. त्यामुळे बरंच रक्त फुप्फुसात न जाता, म्हणजे ऑक्सिजन न घेताच, पुन्हा शरीरात फिरतं. टॉसिग यांचं म्हणणं साधं होतं: फुप्फुसाकडे जास्त रक्त नेणारी एखादी पर्यायी लाइन जोडता येईल का?

सॉफ्टवेअरवाल्यांना पुढचा भाग लगेच पटेल. बग दुरुस्त करायचा तर आधी तो आपल्या मशीनवर पुन्हा घडवून आणावा लागतो. थॉमस यांनी नेमकं हेच केलं. निरोगी कुत्र्यांच्या रक्ताभिसरणात फेरफार करून आधी ऑक्सिजनची कमतरता निर्माण केली आणि मग त्यावर उपाय शोधला. हाताकडे जाणारी एक धमनी कापायची आणि तिचं टोक फुप्फुसाच्या धमनीला शिवायचं. म्हणजे फुप्फुसात न गेलेल्या रक्ताला तिथे जायची आणखी एक संधी मिळते. जवळपास दोन वर्षं आणि सुमारे दोनशे कुत्रे लागले या कामाला. हे वाचताना आज खटकतं, आणि खटकायलाच हवं. त्यातल्या ॲना नावाच्या कुत्रीचं चित्र हॉपकिन्समध्ये लावलं गेलं.

२९ नोव्हेंबर १९४४. टेबलावर दीड वर्षाचीही न झालेली, जेमतेम चार किलोची मुलगी. इतक्या बारीक रक्तवाहिन्या शिवायला योग्य सुया बाजारात मिळत नव्हत्या. थॉमस यांनी मोठ्या सुया तोडून लहान केल्या आणि घासून त्यांना पुन्हा धार लावली. शस्त्रक्रिया ब्लॅलॉक करत होते, पण त्यांच्या मागे स्टुलावर थॉमस उभे होते आणि टाका कुठे, कोणत्या दिशेने घालायचा हे सांगत होते. कारण हे काम सगळ्यात जास्त वेळा त्यांच्याच हातांनी केलं होतं! मुलीचा रंग सुधारला. काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ती गेली, पण हा मार्ग चालतो हे सिद्ध झालं होतं. लांबलांबहून आईवडील आपली मुलं घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले.

१९४५ मध्ये पेपर छापून आला. त्यावर नावं दोन, ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचा साधा उल्लेखही नाही. मला विचाराल तर याला विसरभोळेपणा म्हणता येणार नाही. त्या काळी हे असंच चालायचं आणि ब्लॅलॉक यांनी ते चालू दिलं. त्याच काळात पगार पुरत नाही म्हणून थॉमस ब्लॅलॉक यांच्या घरच्या पार्ट्यांमध्ये ड्रिंक्स द्यायचं काम करायचे. लॅबमध्ये ज्यांना शिकवायचं, संध्याकाळी त्यांचेच ग्लास भरायचे. पुढे नॅशव्हिलला परत जाऊन सुतारकाम करायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा कुठे पगार चांगला वाढला.

डॉक्टर व्हायचं स्वप्न त्यांनी पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. पण लॅबमधल्या अनुभवाचं कॉलेजात क्रेडिट मिळणार नव्हतं, पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागणार होती. हिशेब केला तर डॉक्टर होईपर्यंत वय पन्नाशीला टेकणार. विषय तिथेच संपला.

आणि तरी सर्जन शिकायला त्यांच्याकडेच यायचे. डेंटन कूली हे त्यातलंच एक नाव. १९६९ मध्ये माणसाच्या छातीत पहिलं संपूर्ण कृत्रिम हृदय बसवणारे ते हेच. थॉमस शस्त्रक्रिया करताना एकही हालचाल वाया घालवत नसत, हे कूली नंतरही आवर्जून सांगत. थॉमस यांनी लॅब टेक्निशियनही तयार केले, त्यातले बरेच त्यांच्यासारखेच संधी न मिळालेले कृष्णवर्णीय तरुण. पुढे लेव्ही वॉटकिन्स हे तरुण कृष्णवर्णीय सर्जन हॉपकिन्सला आले, तेव्हा थॉमस त्यांचेही मार्गदर्शक झाले. याच वॉटकिन्स यांनी १९८० मध्ये जगातला पहिला ऑटोमॅटिक डिफिब्रिलेटर रुग्णाच्या शरीरात बसवला. ठोके बिघडले की आपोआप शॉक देणारं हे यंत्र आज अनेकांच्या छातीत आहे.

१९७१ मध्ये जुन्या विद्यार्थी-सर्जननी थॉमस यांचं तैलचित्र काढून घेतलं आणि ते हॉस्पिटलमध्ये लावलं गेलं. १९७६ मध्ये हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. गंमत म्हणजे ती वैद्यकशास्त्राची नव्हती, कायद्याची होती! पण त्यामुळे लोक त्यांना अधिकृतपणे डॉक्टर थॉमस म्हणू लागले. २६ नोव्हेंबर १९८५ रोजी ते गेले. त्यांचं आत्मचरित्र छापून आलं ते त्यानंतर काही दिवसांनी.

आता अनेक डॉक्टर या शंटला ब्लॅलॉक-थॉमस-टॉसिग म्हणतात. त्यामुळे बीटी शंट काही ठिकाणी बीटीटी झालाय, आणि मधला टी थॉमस यांचा. २००४ मध्ये त्यांच्यावर समथिंग द लॉर्ड मेड हा सिनेमा आला. हॅरी पॉटरमधले स्नेप, म्हणजे ॲलन रिकमन, त्यात ब्लॅलॉक आहेत, आणि रॅपर मोस डेफ थॉमस. कुठे सापडला तर बघाच, स्टुलाचा सीन तर नक्की.