केगल एक्सरसाइज सगळ्यांना माहितीये, पण डॉ. केगल यांनी नक्की काय सांगितलं होतं?

सिग्नलला गाडी थांबली की आतून आवळा, दहापर्यंत मोजा आणि सोडा. खोकल्यावर, शिंकल्यावर लघवी गळत असेल तर काही दिवसांत थांबेल. असा एखादा रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. या व्यायामाला केगल एक्सरसाइज म्हणतात. बाळंतपणानंतर डॉक्टर सांगतात, मैत्रिणी सांगतात, आता तर मोबाईलचं ॲपही सांगतं.

पुष्कळ जणी प्रामाणिकपणे करतात. महिना जातो, दोन महिने जातात, फरक पडत नाही. मग वाटतं, आपलंच शरीर तसं असेल, वयच झालं असेल. पॅड लावून बाहेर पडायची सवय होते आणि विषय तिथेच मिटतो.

गंमत म्हणजे ज्यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो, त्यांनी तो असा कधी सांगितलाच नव्हता.

केगल हे एका माणसाचं आडनाव. पूर्ण नाव अर्नोल्ड हेन्री केगल. जन्म 1894 सालचा, अमेरिकेतला. पेशाने स्त्रीरोगतज्ज्ञ. लॉस एंजेलिसमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या मेडिकल कॉलेजात ते असिस्टंट प्रोफेसर होते. ज्या संशोधनामुळे जगाला त्यांचं नाव कळलं, ते छापून आलं 1948 मध्ये. तेव्हा त्यांचं वय होतं 54. म्हणजे त्यांच्यामागे पेशंट तपासण्याचा बऱ्याच वर्षांचा अनुभव होता.

त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांची तक्रार आजच्यासारखीच होती. खोकला आला, जोरात हसू आलं, काही जड उचललं की लघवी सुटते. काहींना अंग बाहेर आल्यासारखं वाटायचं. असं का होतं, हे आधी समजून घेऊ.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ती ताणून बसवलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीच्या आधारावर असतात. यालाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. आपण खोकलो की पोटातला दाब एकदम वाढतो आणि मूत्राशय दाबलं जातं. त्याच क्षणी ही झोळी आवळली जाते, लघवीची नळी बंद ठेवते आणि थेंबही बाहेर येत नाही. बाळंतपणात ही झोळी प्रचंड ताणली जाते, कधी फाटतेही. मग ऐन वेळी ती आवळत नाही आणि लघवी गळते.

त्या काळात यावरचा मुख्य उपाय होता ऑपरेशन. सैल झालेला भाग टाके घालून घट्ट करायचा. पण ऑपरेशन झालेल्या अनेक बायकांची तक्रार काही काळाने परत यायची. केगल यांनी वेगळा विचार केला. हात मोडून प्लास्टरमध्ये राहिला की हाताचे स्नायू बारीक होतात. प्लास्टर काढल्यावर आपण त्यांना व्यायाम देतो. मग पेल्विक फ्लोअरही स्नायूच आहे, त्याला व्यायाम का द्यायचा नाही?

त्याच सुमारास अमेरिकेच्या लष्करात थॉमस डेलॉर्म नावाचे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर काम करत होते. वजन थोडं थोडं वाढवत नेलं की कमजोर स्नायू पुन्हा ताकद धरतो, हे त्यांनी 1945 मध्ये मांडलं होतं. केगल यांच्या 1948 च्या पेपरच्या शीर्षकातही हीच कल्पना दिसते, टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा रोध.

आता अडचण अशी की दंडाचा स्नायू दिसतो, आरशात तपासता येतो. पेल्विक फ्लोअर दिसत नाही. तो आवळा म्हटलं तर नक्की काय आवळायचं, हे बाईला कळणार कसं?

केगल यांनी पाहिलं की पहिल्या भेटीत बऱ्याच बायकांना हा स्नायू सापडतच नाही. कुणी पोट आत ओढते, कुणी कुल्ले आवळते, कुणी श्वास रोखून उलट खाली जोर करते. यात बायकांची काही चूक नव्हती. शरीराच्या या भागाबद्दल त्यांच्याशी तोपर्यंत कुणी नीट बोललंच नव्हतं.

म्हणून केगल यांनी एक यंत्र बनवलं. त्याचं नाव पेरिनिओमीटर. ब्लडप्रेशर मोजायच्या यंत्राचाच हा भाऊ. हवेने भरलेला एक छोटा फुगीर भाग योनीत ठेवायचा, त्याला रबरी नळी आणि नळीच्या टोकाला शून्यापासून शंभरपर्यंत आकडे असलेली तबकडी. योग्य स्नायू आवळला की काटा वर चढायचा.

पहिल्यांदाच बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं की आपण जे करतोय ते बरोबर आहे की नाही. आणि आज पाच आकडे, पुढच्या आठवड्यात दहा, अशी प्रगतीही समोर दिसायची. शरीराची आतली हालचाल अशी बाहेर दाखवून शिकवण्याला आज बायोफीडबॅक म्हणतात. हा शब्द रूढ झाला त्याच्या कितीतरी आधी केगल ते करत होते.

यंत्र दिलं आणि काम संपलं, असंही नव्हतं. आधी ते बोटाने तपासायचे आणि स्नायू नक्की कुठे आहे, ते त्या बाईला जाणवून द्यायचे. मग यंत्र लावून रोज तीनदा, प्रत्येक वेळी वीस मिनिटं व्यायाम. दिवसाला जवळपास 300 वेळा आवळणं आणि सोडणं. शिवाय ठरावीक दिवसांनी परत बोलावून तपासणी. थोडक्यात, हा जिममधल्या ट्रेनिंगसारखा कार्यक्रम होता. शिकवणारा होता, मोजमाप होतं आणि भार वाढत जात होता.

याने 84 टक्के बायका बऱ्या झाल्याचं केगल यांनी नोंदवलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे आकडे त्यांच्या स्वतःच्या पेशंटचे होते. व्यायाम न करणाऱ्या बायकांचा गट शेजारी ठेवून तुलना केलेली नव्हती. आजच्या नियमाने तो पक्का पुरावा ठरत नाही. पण ऑपरेशनशिवायही हे बरं होऊ शकतं, हे त्यांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांसमोर ठासून मांडलं.

केगल हे या वाटेवरचे पहिलेच होते का? तर नाही. मार्गारेट मॉरिस या ब्रिटनमधल्या नर्तिकेने फिजिओथेरपीचं शिक्षण घेतलं होतं. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या मिनी रँडेल यांच्यासोबत त्यांनी बाळंतपण आणि ऑपरेशननंतरच्या व्यायामांचं पुस्तक 1936 मध्येच काढलं होतं. आपल्याकडे हठयोगातला मूलबंधही याच भागाचं आकुंचन सांगतो, फक्त त्याचा हेतू वेगळा, साधनेचा आहे. केगल यांनी भर घातली ती मोजमापाची. त्यामुळे नाव त्यांचं लागलं.

मग हे सगळं हरवलं कसं?

एक कारण ऑपरेशनच. केगल यांच्या पेपरनंतर वर्षभरात, 1949 मध्ये, मार्शल, मार्केटी आणि क्रांट्झ या तीन डॉक्टरांनी मूत्राशयाची मान टाके घालून वर उचलून धरणारी शस्त्रक्रिया मांडली. ती पुढे खूप चालली. महिनोन्‌महिने शिकवत बसण्यापेक्षा एकदाच ऑपरेशन करणं अनेकांना सोपं वाटलं.

दुसरं कारण लैंगिक सुख. व्यायाम करणाऱ्या काही बायकांनी लैंगिक संबंधातही फरक जाणवल्याचं सांगितलं. केगल यांनी 1952 मध्ये त्यावर पेपर लिहिला. पुढे त्यांचं नाव दवाखान्याबाहेर पडलं आणि मासिकं, पुस्तकं, जाहिराती यांत फिरू लागलं. लघवीचा त्रास मागे पडला, सुखाचा मंत्र पुढे आला.

या प्रवासात यंत्र गळालं, तपासणी गळाली, शिकवणारं माणूस गळालं. उरलं फक्त आवळा आणि सोडा. बाळंतपणानंतर हातात एक कागद मिळतो किंवा तोंडी सूचना. केगल यांनी जे कटाक्षाने टाळलं होतं, तेच त्यांच्या नावाने सुरू झालं.

याचा परिणाम काय होतो, हे नंतर मोजलं गेलं. अमेरिकेत रिचर्ड बम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये 47 बायकांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करायला लावला आणि मोजून पाहिलं. जेमतेम निम्म्या बायकांना तो नीट जमला. पाव बायका असं काही करत होत्या की त्याने लघवी गळणं उलट वाढू शकलं असतं.

नॉर्वेतल्या कारी बो यांनी 1990 मध्ये दोन गटांची तुलना केली. दोन्ही गटांना व्यायाम नीट शिकवला होता. एक गट घरी स्वतःच करत होता. दुसरा घरी तर करतच होता, शिवाय आठवड्यातून एकदा प्रशिक्षकासोबत जोर लावून करत होता. सहा महिन्यांनी प्रशिक्षक असलेल्या गटातल्या 60 टक्के बायकांचा त्रास पूर्ण किंवा जवळपास थांबला होता. दुसऱ्या गटात हे प्रमाण होतं 17 टक्के.

2018 मध्ये कोक्रेन या संस्थेने जगभरातले अभ्यास एकत्र तपासले. खोकताना, शिंकताना लघवी गळणाऱ्या बायकांमध्ये व्यायाम करणाऱ्या 56 टक्के जणींनी बरं झाल्याचं सांगितलं. काहीच उपचार नसलेल्यांमध्ये फक्त 6 टक्के. म्हणजे केगल यांचा मूळ मुद्दा बरोबर निघाला.

आता ब्रिटनमधली नाइस ही संस्था ऑपरेशनच्या आधी हाच उपचार सुचवते. किमान तीन महिने, जाणकाराच्या देखरेखीखाली, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचनं. सुरू करण्याआधी तपासून बघायचं की बाईला स्नायू आवळता येतोय का. केगल यांच्या 300 पेक्षा हा आकडा खूप लहान आहे, पण आधी तपासा आणि मग शिकवा, ही गोष्ट तीच.

तुम्ही किंवा घरातली कुणी हा व्यायाम करून थकली असेल, तर काही गोष्टी माहीत असाव्यात. लघवी करताना मध्येच धार थांबवून स्नायू ओळखता येतो, पण तो रोजचा व्यायाम करू नये, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होण्यात अडथळा येऊ शकतो. आवळताना श्वास चालू हवा, पोट आणि कुल्ले सैल हवेत. आवळण्याइतकंच पूर्ण सोडणंही महत्त्वाचं. अचानक जोराची लघवी लागून धावावं लागत असेल, तर व्यायामासोबत मूत्राशयाला हळूहळू थांबायची सवय लावावी लागते. आणि काहींचा पेल्विक फ्लोअर सैल नसून सतत आखडलेला असतो. संबंधाच्या वेळी किंवा एरवीही तिथे दुखतं. अशांना आधी सैल सोडायला शिकावं लागतं, आवळून त्रास वाढू शकतो. लघवीत रक्त किंवा जळजळ असेल तर थेट डॉक्टरकडे जायचं.

यातलं आपलं नक्की कुठलं, हे रील सांगू शकत नाही. ते तपासूनच कळतं. आपल्याकडे मोठ्या शहरांत आता पेल्विक फ्लोअरचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर त्यांच्याबद्दल विचारता येतं.

अर्नोल्ड केगल जाऊन कित्येक दशकं झाली. त्यांचं नाव आज घराघरात आहे, पेरिनिओमीटर मात्र फार कमी जणींनी पाहिलाय. तो काटा बाईला सांगायचा की स्नायू अजून आहे, शिकवला तर कामाला लागेल. महिनाभर करूनही फरक पडला नाही म्हणून ज्या गप्प बसल्यात, त्यांच्यापर्यंत तेवढंच पोचायचं राहिलंय.