जनावर समोर ठेवून चित्र काढणारे पेशवाईतील गंगाराम तांबट कोण होते? त्यांची चित्रे अमेरिकेत कशी पोहोचली? जाणून घ्या

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात वसुबारसेच्या दिवशी आदिवासी गावांमध्ये वाघबारस साजरी होते. वाघोबाला शेंदूर लागतो, नैवेद्य दाखवला जातो. दगडावर किंवा लाकडावर कोरलेला हा वाघ पाहताच ओळखू येतो. त्याचा खांदा कुठे असावा, पंजा केवढा असावा, हे तिथे कोणी मोजत नाही. ती श्रद्धेची मूर्ती असते.

पण जनावर जसे आहे तसेच कागदावर उतरवायचे असेल, तर काम वेगळे होते. आज मोबाइलवर वाघ-बिबट्याचे हजारो फोटो मिळतात. फोटोग्राफीचा शोधही लागला नव्हता, त्या काळात पुण्यातील एका चित्रकाराने हे काम जिवंत प्राण्यांसमोर बसून केले. त्यांचे नाव गंगाराम चिंतामण तांबट.

तेव्हा पुण्यात काय चालले होते?

काळ सवाई माधवराव पेशव्यांचा. कारभार नाना फडणवीसांच्या हातात होता. इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट पुण्यात राहत होता. १७९० मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात पुण्यात तह झाला, त्यामागे मॅलेटच होता.

तरुण पेशव्यांना प्राण्यांचा शौक होता. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. त्यात सिंह, वाघ, गेंडा असे प्राणी ठेवलेले होते. मॅलेटला इथली माणसे, देवळे, लेणी आणि प्राणी यांची हुबेहूब चित्रे हवी होती. त्यासाठी त्याने गंगाराम यांना कामाला लावले.

समोर बसून काढण्यात एवढे काय विशेष?

गंगाराम यांचे शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र नोव्हेंबर १७९० चे आहे. त्याचे महत्त्व कळण्यासाठी युरोपातले एक उदाहरण पाहू. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५१५ मध्ये गेंड्याचे चित्र काढले. त्याने गेंडा कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्याचे वर्णन आणि कच्चे रेखाटन एवढाच आधार होता. त्यामुळे त्याच्या गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आले आणि पाठीवर एक जादा शिंगही उगवले. युरोपात पुढे दोन-अडीचशे वर्षे हाच गेंडा खरा मानला गेला.

मार्जार कुळातील मोठ्या प्राण्यांचेही तसेच आहे. देवीचे वाहन, गडाच्या दरवाजावरचा शरभ, टिपूच्या दरबारातला इंग्रज शिपायावर झेपावलेला लाकडी वाघ, ही सगळी सत्तेची आणि श्रद्धेची चिन्हे आहेत. जिवंत वाघाचे मोजमाप त्यांच्यात शोधायचे नसते. पुण्याच्या शिकारखान्यात मात्र चित्रकाराला खरा प्राणी काही हातांवर दिसत होता. ठरलेला साचा बाजूला ठेवून डोळ्यांना दिसते ते काढायचे, ही गंगाराम यांच्या कामाची दिशा होती.

ते हे कोणाकडून शिकले?

स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि १७९२ मध्ये पुण्यात आला. शनिवारवाड्यात चित्रकला शिकवण्याची सोय झाली ती याच काळात. गंगाराम वेल्सचे सहकारी झाले. मात्र गेंड्याचे चित्र वेल्स भारतात येण्याआधीचे आहे, हे लक्षात घ्यायला हवे. म्हणजेच पाहून काढण्याची सुरुवात त्यांनी आधीच केली होती. वेल्सच्या सहवासात तिला युरोपीय पद्धतीची जोड मिळाली.

याच वेल्सने १७९२ मध्ये सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे प्रसिद्ध चित्र रंगवले. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे.

वेरूळपर्यंतचा प्रवास

गंगाराम यांनी पुढे लेण्यांचीही चित्रे काढली. वेरूळच्या लेण्यांची माहिती मॅलेटने कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीला कळवली. ती त्यांच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात छापली गेली. या कामासाठी गंगाराम यांची रेखाटने उपयोगी पडली. शिकारखान्यात जे केले तेच इथेही करायचे होते. खांब किती, कोनाडा कुठे, मूर्तीचा हात कसा वळला आहे, हे पाहायचे आणि तसेच उतरवायचे.

एका महिन्यात सगळे बदलले

ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यात वरून खाली पडून सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. नोव्हेंबरमध्ये वेल्सही गेला. ज्यांच्या शिकारखान्यात गंगाराम यांनी प्राणी पाहिले ते पेशवे आणि ज्याच्यासोबत काम केले तो चित्रकार, दोघेही काही दिवसांच्या अंतराने गेले.

पुण्यातील राजकारण विस्कटले. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी नाना फडणवीसांना पकडले आणि त्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत ठेवले. १७९८ मध्ये मॅलेट मायदेशी परतला. पुढच्या वर्षी त्याने वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी लग्न केले. पुण्यात जमवलेला चित्रांचा संग्रह इंग्लंडला गेला.

मग नाव कोणाचे झाले?

१८०३ मध्ये लंडनला थॉमस डॅनियलने वेरूळच्या लेण्यांची मोठी चित्रे प्रसिद्ध केली. ती वेल्सच्या रेखाटनांवरून केलेली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला जिंकला. लंडनच्या वाचकाला वेरूळ कळले ते वेल्स आणि डॅनियल यांच्या नावांनी. गंगाराम यांचे नाव संग्रहाच्या कागदांतच राहिले.

आज त्यांची अनेक चित्रे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहेत. गेल्या काही दशकांत अभ्यासकांनी ती पुन्हा समोर आणली. इंग्रजांसाठी काम करणारा कोणी स्थानिक कारागीर, एवढीच ओळख मागे पडून चित्रकार गंगाराम तांबट म्हणून त्यांचा उल्लेख होऊ लागला.

आज शिकणाऱ्याने काय घ्यायचे?

अकोले परिसरातील अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आढळले होते. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राणी इतका जवळ असूनही त्याच्या चित्रात चुका होतात. पाहण्यासारख्या खुणा अशा:

• बिबट्याचे ठिपके पोकळ, फुलासारख्या गटात असतात. चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते.

• वाघाच्या कानामागे पांढरा ठिपका असतो.

• आशियाई सिंहाची आयाळ तुलनेने कमी असते, त्यामुळे कान दिसतात. पोटाखाली कातडीची लांबट घडी असते.

• घरच्या मांजराची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी होते. वाघ, सिंह आणि बिबट्याची गोलच राहते.

• चालताना खांद्याचे हाड पाठीच्या रेषेवर उचलले जाते. ते सुटले की चित्रातला प्राणी चालत नाही, नुसता उभा राहतो.

रानातला बिबट्या पाहायला त्याच्या जवळ जाणे धोक्याचे आहे. त्यासाठी प्राणिसंग्रहालय पुरेसे आहे. एका फोटोवरून नक्कल करण्यापेक्षा हलणारा प्राणी पाहून काढलेली दहा भरभर रेखाटने जास्त शिकवतात.

आणि प्रत्येक कागदावर नाव, ठिकाण, महिना, वर्ष जरूर लिहावे. गेंड्याच्या चित्रासोबत महिना आणि ठिकाण टिकले, म्हणूनच वेल्स येण्याआधी गंगाराम काय करत होते हे आज सांगता येते.