लाल गोळीतला दुसरा घटक

आशाताई गर्भवतीच्या हातात लाल गोळ्यांची पाकिटं ठेवतात, त्यांना सगळे ‘लोहाच्या गोळ्या’ म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि सोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, म्हणजे वजनात लोहाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. हा दुसरा घटक गरोदरपणात रक्तासाठी किती मोलाचा आहे, याचा पहिला धागा सापडला तो मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत काम करणाऱ्या एका इंग्रज डॉक्टर बाईंना. त्यांचं नाव लुसी विल्स.

विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. वडील विज्ञानाचे पदवीधर, घर सुखवस्तू. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकल्या, १९११ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र मिळाली नाही, कारण केंब्रिज तेव्हा मुलींना परीक्षेला बसू देई, पदवी देत नसे! ती द्यायला विद्यापीठाने १९४८ साल उजाडू दिलं. १९११ मध्येच वडील गेले, दोन वर्षांनी बहीण गेली. विल्स आधी श्रीलंकेला आणि पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेला गेल्या. १९१४ चं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्या केपटाउनमध्ये होत्या. तिथल्या रुग्णालयात स्वयंसेवी परिचारिका म्हणून त्यांनी काम केलं आणि परत आल्यावर थेट लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं. १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा वय होतं ३२. दवाखाना थाटण्याऐवजी त्या रॉयल फ्री रुग्णालयात गरोदरपणातल्या आजारांवर संशोधन करू लागल्या.

मुंबईत तेव्हा वेगळंच संकट होतं. गरोदर स्त्रिया, विशेषतः गरीब वस्त्यांतल्या आणि कापड गिरण्यांत राबणाऱ्या, पांढऱ्याफटक पडत, धाप लागून कोसळत आणि कित्येकदा बाळंतपणाच्या आसपास दगावत. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी मातामृत्यूंची चौकशी हाती घेतली होती. त्यांच्या बोलावण्यावरून १९२८ मध्ये विल्स हाफकिनमध्ये दाखल झाल्या.

हा रक्तक्षय नेहमीचा नव्हता. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. इथे पेशींची संख्या घटलेली, पण असलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या. सूक्ष्मदर्शकाखाली चित्र दिसे ते युरोप-अमेरिकेतल्या ‘पर्निशियस ॲनिमिया’सारखं. त्या जीवघेण्या आजारावर मायनॉट आणि मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी १९२६ मध्येच उपाय शोधला होता: रोज भरपूर कलेजी खायची. पण मुंबईतला आजार तोच होता का? आणि असला, तरी चाळीतल्या बाईला रोज कलेजी कुठून आणायची?

विल्स यांनी सुरुवात केली ती सरळ चौकशीपासून. एखादा जंतू आतड्यात बसून हे करत असेल म्हणून त्यांनी रुग्णांच्या शौचाच्या तपासण्या केल्या, काही सापडलं नाही. मग कोण काय खातं, कुठे राहतं, कोणत्या वर्गात हा आजार जास्त, याची नोंद घेतली. सगळ्यात निकृष्ट आहार पडद्यात राहणाऱ्या गरीब मुस्लिम स्त्रियांचा होता आणि सगळ्यात जास्त आजारही त्यांच्यातच. दोष ताटात आहे, असा त्यांचा अंदाज पक्का होत गेला.

१९२९ चा उन्हाळा आणि पावसाळा त्यांनी निलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत घालवला. तिथे रॉबर्ट मॅकॅरिसन आहारावर संशोधन करत होते. विल्स यांनी उंदरांच्या माद्यांना मुंबईतल्या त्या स्त्रियांसारखाच आहार दिला. गाभण माद्यांना रक्तक्षय झाला, काही पिल्लं होण्याआधीच मेल्या. आहारात यीस्ट मिसळलं, तर आजार टळला. पुढे असं लक्षात आलं, की उंदरांचा तो रक्तक्षय बराचसा उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूमुळे होता. म्हणजे पुरावा लंगडा निघाला. पण त्या लंगड्या पुराव्याने बाईंना यीस्टच्या दारात आणून उभं केलं होतं, आणि दार बरोबर होतं.

यीस्टचा अर्क इंग्लंडमध्ये घराघरांत होता. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून बनवलेलं मार्माइट नावाचं काळंकुट्ट, खारट चाटण तिथली माणसं पावाला लावून खात. स्वस्त, टिकाऊ आणि औषधाच्या दुकानात न जाता मिळणारं. तसाच आहार देऊन आजारी पाडलेल्या माकडांवर त्याने गुण दाखवला. मुंबईतल्या रुग्ण स्त्रियांना दिल्यावर तर फरक काही दिवसांतच दिसू लागला. नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी रक्तात झपाट्याने वाढत, हिमोग्लोबिन चढे, भूक परते. ज्यांची आशा सोडली होती अशा बायका अंथरुणातून उठल्या. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. यीस्टमध्ये नेमकं काय आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या अनामिक पदार्थाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

मला स्वतःला त्यांचा पुढचा टप्पा जास्त भावतो, कारण तिथे चिकाटीचं काम आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. १९३३ मध्ये त्या लंडनला परतल्या, पण १९३७ च्या नोव्हेंबरमध्ये दहा आठवड्यांसाठी पुन्हा हाफकिनमध्ये आल्या. तोवर औषध कंपन्या यकृताचा अर्क अधिकाधिक शुद्ध करू लागल्या होत्या. हा शुद्ध अर्क पर्निशियस ॲनिमियाला उत्तम लागू पडे. मुंबईच्या रुग्णांना मात्र तो उपयोगी पडेना! कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क दिला की त्याच रुग्ण सुधारत. अर्थ उघड होता. यकृतात दोन वेगळे पदार्थ आहेत आणि शुद्धीकरणात त्यांतला एक निघून जातो. आज आपण त्यांना नावानिशी ओळखतो. शुद्ध अर्कात उरलं होतं ते बी-१२, निघून गेलं होतं ते फोलेट. ही दोन्ही कमी पडली की रक्ताचं चित्र सारखंच दिसतं, म्हणून आजही डॉक्टर दोन्ही तपासतात. नुसतं फॉलिक ॲसिड दिल्याने बी-१२ च्या कमतरतेतलं रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. पुण्यातल्या गर्भवतींच्या अभ्यासांत बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली आहे, तेव्हा शाकाहारी घरांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

त्याच सुमारास इतर प्रयोगशाळांत वेगळ्याच वाटांनी शोध चालू होता. कोणी कोंबडीच्या पिल्लांच्या वाढीला लागणारा घटक शोधत होतं, कोणी माकडांचा, कोणी दह्यातल्यासारख्या जीवाणूंच्या वाढीचा. प्रत्येकाने आपापलं नाव ठेवलं. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून असाच एक वाढ-घटक वेगळा काढला गेला आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव फॉलिक ॲसिड पडलं. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने ते कृत्रिमरीत्या बनवलं. मग कळलं, की हे सगळे वाढ-घटक एकाच कुळातले आहेत आणि मुंबईच्या बाळंतिणींना वाचवणारं मार्माइटमधलं द्रव्यही तेच.

पेशीला दोन व्हायचं तर आधी डीएनएची प्रत काढावी लागते. त्यातला थायमिडिन हा भाग बनवायला फोलेट लागतं. ते नसेल तर अस्थिमज्जेतली पेशी फुगत राहते, पण वेळेवर विभागत नाही. म्हणून पेशी मोठ्या आणि मोजक्या. गरोदरपणात तर बाळ, वार आणि आईचं वाढतं रक्त अशा तिन्हीकडे पेशी भराभर विभागत असतात, त्यामुळे आधीच अपुरं असलेलं फोलेट तेव्हाच संपतं.

विल्स यांनी दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्येच काम केलं. १९४४ मध्ये उडत्या बॉम्बने रॉयल फ्रीचं नुकसान झालं, तरी त्यांनी विभाग पुन्हा उभा केला. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या रक्तक्षय आणि आहाराचा माग काढत जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिकेला गेल्या. लग्न केलं नाही. डोंगर चढणं, बर्फावर स्कीइंग करणं आणि सायकलवरून कामाला जाणं त्यांना आवडे. अखेरची दहा वर्षं त्या चेल्सीत मजूर पक्षाच्या नगरसेवक होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचं निधन झालं.

फॉलिक ॲसिडचा आणखी एक मोठा उपयोग त्यांच्या हयातीत सिद्ध झाला नव्हता. १९९१ मध्ये सात देशांतल्या ३३ केंद्रांवरच्या चाचणीत दिसलं, की आधी मेंदू वा मणक्याचा जन्मजात दोष असलेलं मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर पुढच्या बाळात तो दोष येण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. बाळाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात येतं तोवर. लाल गोळी साधारण चौथ्या महिन्यापासून सुरू होते. ती रक्तासाठी आहे. मज्जानलिकेसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड मूल हवं असं ठरवल्यापासून, निदान महिनाभर आधी सुरू करायचं असतं. पूर्वी असा दोष झाला असेल तर मात्रा बरीच जास्त लागते, ती डॉक्टरांनाच विचारावी.