खानेसुमारीच्या कागदांतील शार्लट ब्राँटी

थोर ग्रंथकारांचीं चरित्रें आपण त्यांच्या ग्रंथांवरून व पत्रांवरून जाणतों. परंतु खानेसुमारीच्या रूक्ष रकान्यांतूनही एखादें चरित्र कसें डोकावतें, हें आज आम्हांस वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. ‘जेन एअर’ या कादंबरीची लेखिका शार्लट ब्राँटी हिचा जन्म १८१६ सालीं इंग्लंडांतील यॉर्कशायरमध्यें थॉर्नटन येथें झाला. वडील पॅट्रिक ब्राँटी हे धर्मोपदेशक. १८२० सालीं तें कुटुंब हॉवर्थ गांवीं आलें. पुढल्याच वर्षीं आई वारली, आणि १८२५ सालीं मराया व एलिझाबेथ या दोघी थोरल्या बहिणीही गेल्या.

इंग्लंडांत प्रत्येक माणसाचें नांव टिपणारी पहिली देशव्यापी खानेसुमारी ६ जून १८४१ च्या रात्रीची होय. पंधरा वर्षांवरील माणसांचें वय पांचाच्या पटींत खालीं आणून लिहावें, असा तेव्हां नियम होता. त्यामुळें २२ वर्षांची एमिली नियमानें विसांचीच ठरते! शोध करणारानें येथें फसूं नये. त्या उन्हाळ्यांत घर चोहोंकडे पांगलें होतें. शार्लट रॉडन येथें व ॲन थॉर्प ग्रीन येथें परक्यांच्या मुलांस शिकवीत होत्या. भाऊ ब्रॅनवेल रेल्वेच्या नोकरींत होता. हॉवर्थला वडील, मावशी व एमिली एवढींच काय तीं उरलीं होतीं.

पुढील गणती ३० मार्च १८५१ ची. या खेपेस नेमकें वय, कुटुंबप्रमुखाशीं नातें व जन्मस्थान असे रकाने आले. कागद वाढला, पण घर आटलें होतें. सप्टेंबर १८४८ मध्यें ब्रॅनवेल, डिसेंबरांत एमिली आणि मे १८४९ मध्यें ॲन, अशीं आठ महिन्यांत तिघें भावंडें निघून गेलीं होतीं. आतां घरीं वृद्ध पिता, ३४ वर्षांची अविवाहित कन्या शार्लट आणि दोन मोलकरणी, त्यांपैकीं एक म्हातारी टॅबी. १८४७ सालीं करर बेल या टोपणनांवानें छापलेल्या ‘जेन एअर’नें सारें इंग्लंड हालविलें होतें, पण त्या नोंदींत शार्लट ही कादंबरीकार असल्याचें कोठेंच दिसत नाहीं.

१८५४ सालीं तिनें वडिलांचे सहायक आर्थर बेल निकोल्स यांच्याशीं विवाह केला, आणि ३१ मार्च १८५५ रोजीं वयाच्या ३८ व्या वर्षीं ती निवर्तली.

७ एप्रिल १८६१ रोजीं पुन्हां गणती झाली. साही अपत्यें गमावलेले ८४ वर्षांचे पॅट्रिक त्याच घरांत जांवई निकोल्स यांच्यासह राहत होते. बरोबर दोन महिन्यांनीं, ७ जून रोजीं, तेही वारले.